प्रश्नावलीत 'हो' कुणीच लिहीत नाही

तुम्ही ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या खरेदी विभागात नव्याने लागला आहात, 'मॉडर्न स्लेव्हरी स्टेटमेंट'चं, म्हणजे आपल्या कामात आणि पुरवठ्यात वेठबिगारी राहू नये म्हणून काय केलं हे सांगणाऱ्या वार्षिक निवेदनाचं, काम तुमच्या अंगावर आलंय, आणि साहेबांनी गेल्या वर्षीचा मसुदा हातात देऊन 'तारीख बदला, पुरवठादारांना प्रश्नावली पाठवा' म्हणून सांगितलंय. यापलीकडे खरंच काही करता येतं का, असा तुमचा प्रश्न आहे. येतं. याच खात्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्नावलीचं. 'तुमच्याकडे वेठबिगारी चालते का?' याला कुणी 'हो' लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. फॉर्म भरणारा माणूस आपल्यासारखाच ऑफिसात बसलेला असतो, त्याला कारखान्यातलं काय ठाऊक? कायद्याचा धाकही बेताचाच. २०१५ च्या 'मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट' या ब्रिटिश कायद्याचं ५४ वं कलम सांगतं ते इतकंच: वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असेल तर दरवर्षी निवेदन काढा, नियामक मंडळाची मंजुरी आणि सही घ्या, वेबसाइटच्या पहिल्या पानावर त्याची लिंक ठेवा. 'यंदा आम्ही काहीही केलं नाही' असं लिहिलंत तरी कलम पाळल्यासारखं होतं! त्यामुळे निवेदनाच्या भाषेवर फार वेळ घालवू नका. शोध कुठे घ्यायचा ते ठरवा.

माझ्या मते शोधायचं ते कर्ज. कामगाराच्या डोक्यावर किती आहे आणि कुणाचं आहे? बीडकडची ऊसतोड माहीत असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. जोडपं, म्हणजे एक कोयता, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं. ती फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. बेडी कुणी घातलेली नसते, पण जायची सोयही नसते. मलेशियातल्या रबरी हातमोज्यांच्या कारखान्यांत पैसा उलट्या दिशेने फिरला, परिणाम तोच झाला. नेपाळ-बांगलादेशातून आलेल्या पोरांनी नोकरीसाठी दलालांना पैसे भरले, तेही कर्ज काढून, आणि पुढचे पगार ते फेडण्यात गेले. आपल्या प्रयोगशाळांत खोक्यांनी लागतात ते मोजे मोठ्या प्रमाणात त्याच देशातून येतात. जुलै २०२० मध्ये अमेरिकी कस्टम्सने वेठबिगारीच्या संशयावरून टॉप ग्लोव्ह या मलेशियन हातमोजे कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल अडवला, मार्च २०२१ मध्ये बंदी आणखी वाढवली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उठवली. तोपर्यंत कंपनीने कामगारांना भरतीचे पैसे परत दिले होते. गिऱ्हाईक अडून बसलं की पैसे परत निघतात, हे यातून घ्यायचं.

म्हणून 'हो/नाही'चे प्रश्न काढून टाका. कामगार कुठल्या देशांतून येतात? एजंट कोण? भरतीचा खर्च कुणी केला? पासपोर्ट कुणाकडे असतात? पैसे परत दिले म्हणता, तर त्याचा कागद दाखवा. हे सगळ्या पुरवठादारांना विचारत बसू नका. सफाई, सुरक्षारक्षक, बांधकाम, कॅन्टीन, हातमोजे, कॉम्प्युटर, लोगोचे टीशर्ट एवढ्यांनाच विचारा, पण उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. आणि काही सापडलं तर लगेच कंत्राट तोडू नका. तुम्ही नामानिराळे राहता, आणि कामगाराची नोकरी जाऊन कर्ज तेवढं शिल्लक राहतं. आधी त्याचे पैसे परत करायचे, असं कलम कंत्राटातच घाला.

कॉम्प्युटरच्या बाबतीत एकट्या विद्यापीठाला कुणी विचारत नाही. त्यासाठी 'इलेक्ट्रॉनिक्स वॉच' आहे. सार्वजनिक संस्था त्याच्या सदस्य होतात आणि कारखान्यांच्या भागातल्या स्थानिक संघटना कामगारांशी बोलून माहिती काढतात. आधी कळवून केलेल्या ऑडिटपेक्षा ते कितीतरी बरं.

पण सगळं लांबच शोधू नका. रात्री तुमची इमारत झाडणारी माणसं कुणाच्या पगारावर आहेत, ते तुम्हाला माहीत आहे का? कंत्राटदार, त्याची एजन्सी, तिचा उपकंत्राटदार अशी उतरंड असते आणि खालच्या पायरीचं नाव आपल्या फाइलमध्ये नसतं. ते मागा. अनेकांचा पगार एकाच बँक खात्यात किंवा अनेकांचा पत्ता एकाच घराचा, हे दिसलं की थांबा. वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या 'ऑपरेशन फोर्ट'मध्ये पोलंडहून आणलेल्या माणसांच्या नावाने खाती उघडून टोळीच पैसे काढत होती. त्यांची कामं साधी, कायदेशीर धंद्यांतलीच होती.

आणि आपलेच विद्यार्थी. फेब्रुवारी २०२३ मध्ये कामगार शोषणाविरुद्ध काम करणाऱ्या सरकारी यंत्रणेने जाहीर केलं की नॉर्थ वेल्सच्या केअर होम्समध्ये ५० हून अधिक भारतीय विद्यार्थी संभाव्य बळी असल्याचं आढळलं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करायची मर्यादा असते. मालक आधी जास्त तास राबवतो आणि मग 'व्हिसा जाईल' म्हणून तोंड बंद करतो. महाराष्ट्रातूनही मुलं येतात, शिक्षणाचं कर्ज काढूनच येतात, आणि ही गोष्ट घरी कुणी सांगत नाही. वसतिगृहाच्या आणि व्हिसा विभागाच्या लोकांना हे ओळखायला शिकवा. अशा शोषणाच्या तक्रारींसाठी असलेल्या मॉडर्न स्लेव्हरी हेल्पलाइनचा नंबर ०८००० १२१ ७०० स्वच्छतागृहांच्या दारांच्या आतल्या बाजूला लावा, तिथे माणूस एकटा असतो. संशय आला तर स्वतः चौकशीला जाऊ नका, कंत्राटदाराला तर मुळीच विचारू नका. हेल्पलाइनला फोन करा, जिवाला धोका वाटला तर थेट पोलिसांना, ९९९ वर.

शेवटचं काम स्वतःच्या टेबलावरचं. सफाईचं पुढचं टेंडर उघडाल तेव्हा कागदावर गणित मांडा: लागणारे तास गुणिले किमान वेतन, त्यात रजेचा पगार, मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा (नॅशनल इन्शुरन्स) हप्ता, पेन्शन आणि साहित्य. आलेली सर्वांत कमी बोली या आकड्याच्याही खाली असेल, तर फरक कुणाच्या खिशातून जाणार ते कंत्राटदाराला लेखी विचारा, आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत साहेबांपुढे सहीला ठेवू नका.