आधी खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. तुमच्या आई ७४ वर्षांच्या, बाथरूममध्ये पडल्या, हाड वाचलं, डॉक्टर म्हणाले वयाने स्नायू झिजलेत, तोलाचे व्यायाम करा. आणि तुम्ही विचारताय की एका पायावर उभं राहायचे व्हिडिओ लावून द्यावेत, की सोसायटीत रोज अर्धा तास चालतात ते पुरे. आमचे बाबा तेव्हा ७८ चे होते. तेही रोज चालायचे आणि तरी पडले.

मी डॉक्टर नाही, घरात जे बघितलं तेवढंच सांगते. बाथरूमला कठडा, रात्रीचा दिवा, सरकणारी पायपुसणी काढणं हे तुम्ही केलंच असेल.

आम्हाला सगळ्यात महाग काय पडलं, तर पडल्यानंतर आम्ही बाबांना बसवून ठेवलं. झाडांना पाणी घालू नका, दूध आणायला जाऊ नका, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचो. सगळं मायेपोटी. जोडीला एका फिजिओथेरपी सेंटरला वीस सिटिंगचे पैसे आधीच भरले. रोज रिक्षाने जायचं, कमरेला शेक, गुडघ्याला करंट, मग पलंगावर झोपून पाय वर-खाली. बाबांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणून आम्हीही गप्प. वीस दिवसांत त्यांना एकदाही कुणी उभं केलं नाही! अहो, तोल उभ्या माणसाचा जातो, झोपलेल्याचा नाही. पंधराव्या दिवशी मी विचारलं, तर उत्तर आलं, "आजोबांचं वय बघा, या वयात एवढंच होणार."

या वाक्याचा मला अजून राग येतो, कारण ते खोटं आहे. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांकडून ८ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. त्यांची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली. नव्वदीत!

नंतर ओळखीतून एक फिजिओ घरी आल्या. त्यांनी बाबांना जेवणाच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि पाच वेळा उठून बसा म्हणाल्या. आशियातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर शारीरिक कामगिरी कमी पडते आहे असं समजतात. बाबांना एकदाही उठता आलं नाही. आम्ही सगळे बघतच राहिलो. त्यांनी समजावलं की सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांडीला फारसा जोर लागत नाही. शिवाय वयाबरोबर जास्त बारीक होतात ते झटक्यात काम करणारे तंतू, म्हणजे ठेच लागल्यावर चटकन पाय पुढे टाकून सावरणारे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: चालणं चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आणि एका पायावर उभं राहणं आत्ता नको. उठबस आधी.

आम्ही खुर्चीवर जाड चादरींच्या चार घड्या ठेवून बैठक उंच केली. जमायला लागलं की एक घडी काढायची. खुर्ची भिंतीला टेकवूनच, नाहीतर मागे सरकते. मग ओट्याशी उभं राहून टाचा उचलणं, ओट्याच्या कडेकडेने आडवं चालणं, आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहणं. आधी ओट्यावर पूर्ण तळवा, मग दोन बोटं, मग नुसता हात जवळ. ओटा घट्ट आवळून धरला तर तोलाचा व्यायामच होत नाही. शेजारी मात्र कुणीतरी हवंच. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो व्यायामक्रमात हे आठवड्यातून ३ वेळा, साधारण अर्धा तास असतं. आम्ही तेच धरलं. सोपं वाटायला लागलं की वाढवायचं, व्यायामांचा तोच कागद सहा महिने चालवायचा नाही. तीन महिन्यांनी बाबांना पाच उठबशींना १४ सेकंद लागले, हात न टेकता.

जेवणाचंही बघा. बाबा रात्री "हलकं" म्हणून भाकरी आणि पातळ आमटी खायचे. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम ५-६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. या वयात दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. आम्ही अंडं, दही, उसळ वाढवली. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आणि अंथरुणातून उठताना गरगरतं का, हे आईंना नक्की विचारा. गरगरत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. बाबांचं उभं राहिलं की उतरत होतं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, तेव्हा ते थांबलं. हे नीट झाल्याशिवाय उठबस सुरू करू नका.

आईंकडून खुर्चीची चाचणी करून घेतलीत, की किती सेकंद लागले आणि हात टेकावा लागला का, ते इथे लिहा. त्यावरून बैठक किती उंच ठेवायची ते सांगता येईल.