आधी ठरवा, एका खेळाडूला दुसऱ्याची गरज कशासाठी पडणार

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही सहा जण, त्यातले दोघे प्रोग्रॅमर, एक चित्रकार, बाकीचे मनापासून खेळणारे. सातवाहन काळातल्या व्यापारी वाटेवर, म्हणजे पैठणहून जुन्नर, नाणेघाट उतरून कल्याण-सोपारा, असा ऑनलाइन मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेम करायचाय. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या गोष्टी एका शीटमध्ये लिहिल्या, शीट वाढतच गेली, आणि आता 'आदर्श गेम' कशाला म्हणायचं यावरून रोज वाद होतायत. सुरुवात कुठून करायची आणि सहा जणांनी मिळून निर्णय कसे घ्यायचे, हे तुम्हाला हवंय.

तुम्ही दिलेली यादी नीट वाचली. शस्त्रांचे प्रकार, हवामान, पाळीव प्राणी, लेण्यांमधली कोडी, घरं बांधणं. कल्पना चांगल्या आहेत, पण त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट माणूस एकटा बसून करू शकतो. दुसऱ्या खेळाडूवाचून अडेल अशा गोष्टी मला दोनच सापडल्या, तांडा आणि जकात नाका. माझं स्पष्ट मत आहे की तुमचा गेम या दोन गोष्टींतच आहे. बाकीचं शीट सध्या बंद करून ठेवा.

का म्हणतोय ते सांगतो. 1999 साली आलेल्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये सुरुवातीला बाजार नावाची सोयच नव्हती. खेळाडूंना मात्र वस्तू विकायच्या होत्या. मग फ्रीपोर्ट शहराजवळ ईस्ट कॉमनलँड्समध्ये रस्त्यावरचा एक साधा बोगदा होता, तिथे लोक जमायला लागले आणि ओरडून माल विकायला लागले. तो बोगदा कुणी बाजार म्हणून डिझाइन केलेला नव्हता. येण्याजाण्याच्या वाटेवर होता आणि एकाकडे होतं ते दुसऱ्याला हवं होतं, एवढ्यावर तो बाजार झाला. पुढे 2001 च्या विस्तारात अधिकृत बाझार आला, गिऱ्हाइकं तिकडे गेली. पण त्या काळचे खेळाडू आजही आठवण काढतात ती बोगद्याची.

उलट उदाहरण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमचं. 2009 च्या डिसेंबरात डंजन फाइंडर, म्हणजे मोहिमेसाठी गट जुळवून देणारी सोय, आला. एक बटण दाबलं की टँक (मार झेलणारा), हीलर (जखमा भरणारा) आणि तीन डीपीएस (मारा करणारे) आपोआप जुळणार, तेही वेगवेगळ्या सर्व्हरवरून. सोय जबरदस्त होती, आणि ज्यांना रात्री एखाद-दीड तासच मिळतो त्यांच्यासाठी ती हवीच होती. पण त्याआधी चांगला हीलर शोधावा लागायचा, त्याचं नाव लक्षात ठेवावं लागायचं, त्याच्याशी नीट वागावं लागायचं. बटण आल्यावर तो हीलर परत भेटण्याची शक्यताच उरली नाही, मग बोलायचं तरी कशाला? गरज काढून टाकली की ओळखही जाते. म्हणून कुठलीही सोय घालण्याआधी एकमेकांना विचारा, ही सोय माणसाचे कष्ट वाचवतेय की दुसऱ्या माणसाकडे जाण्याचं कारणच पुसतेय?

आता तुमच्या तांड्याकडे येऊ. एक ओळ कोड लिहिण्याआधी हा खेळ टेबलावर खेळा. कागदावर पाच चौकोन काढा: पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण, सोपारा. काडेपेट्या म्हणजे बैल, एका बैलावर कापडाच्या चार गाठी. पैठणला गाठ 10 नाण्यांना मिळते, सोपाऱ्यात 16 ला विकली जाते. घाटात दर गाठीला 1 नाणं जकात. रखवालदार खेळाडू एका खेपेची 12 नाणी घेतो, मग त्याच्यामागे बैल कितीही असोत.

एकटा व्यापारी एक बैल आणि रखवालदार घेऊन गेला तर गाठींवर 24 सुटतात, त्यातून जकात 4 आणि रखवाली 12 वजा जाऊन हातात राहतात 8. तिघे व्यापारी एकत्र निघाले तर 72 मधून 12 जकात, 12 रखवाली, उरले 48, म्हणजे प्रत्येकी 16. आणि कुणी रखवालदार न घेता एकटाच निघाला तर? लुटला गेला नाही तर 20 कमावेल, घाटाआधीच लुटला गेला तर मालाचे 40 गेले. सहा खेपांत एकदा लूट धरली तर त्याला सरासरी 10 पडतात. तांड्यातले 16 आणि एकट्याचे 10, एवढा फरक असेल तर माणूस जुन्नरला थांबून सोबत शोधेल. लुटीचं प्रमाण बारात एक करा, एकट्याची सरासरी 15 होते. मग एका नाण्यासाठी कोण थांबणार? सगळे एकेकटे पळत सुटतील, आणि तुमचा मल्टिप्लेअर गेम म्हणजे शेजारीशेजारी बसून खेळलेले सिंगल-प्लेअर गेम होतील. किती मोठा फरक एका छोट्या आकड्याने पडतो बघा. हा आकडा वाद घालून सापडत नाही, फासे टाकून सापडतो.

यात माहितीचीही वाटणी करा. सोपाऱ्यातला भाव फक्त नुकत्याच तिथून आलेल्या व्यापाऱ्याला कळावा, घाटातल्या वाटेची अवस्था फक्त वाटाड्याला. नकाशावर सगळ्यांना सगळं दिसायला लागलं की बोलण्याचं निम्मं कारण संपतं.

दुसरा प्रश्न नाण्यांचा. तिघांच्या एका खेपेत सोपाऱ्याचा संगणकी सावकार 192 नाणी ओततो, पैठणचा संगणकी विणकर 120 परत घेतो, जकातीत 12 जातात. रखवालदाराचे 12 खेळाडूंमध्येच फिरले, ते मोजायचे नाहीत. म्हणजे दर खेपेला 60 नवी नाणी जगात आली. हजार खेपा झाल्या की 60 हजार. नळ चालू आणि मोरी बारीक, अशी टाकी भरून वाहणारच. महागाई झाली की जुन्या खेळाडूंना काही वाटत नाही, नवा माणूस मात्र पहिल्या दिवशीच हरतो. उपाय तुमच्या विषयातच पडलेत: आवक वाढली की सोपाऱ्याचा भाव उतरू द्या, बैल म्हातारे होऊ द्या, वखारीला भाडं लावा, जकात गाठीच्या किमतीवर ठेवा. नाणेघाटात तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. तुमच्या जगातला पैसा जिरवण्याची जागा म्हणून त्याहून सुंदर काही मला सुचत नाही, आणि खेळाडूला तो कर न वाटता त्या जागेचा भाग वाटेल.

भावातल्या फटी लोक किती वेगाने शोधतात याचं एक जुनं उदाहरण 1986 च्या सुमाराच्या हॅबिटॅटमधलं. लुकासफिल्मचा गेम, कमोडोर 64 या घरगुती संगणकावर चालायचा. एका यंत्रात एक वस्तू स्वस्त मिळत होती आणि दुसरीकडे जास्त भावाने विकत घेतली जात होती. काही खेळाडूंनी रात्रभर फेऱ्या मारल्या आणि सकाळी जगातला एकूण पैसा पाचपट झालेला. नियमात बसणारंच काम होतं ते. तुमच्याकडेही पहिल्या आठवड्यात हे होईल असं धरून चाला आणि रोज एकूण नाणी किती ते मोजणारा तक्ता पहिल्याच दिवशी बनवा.

निसर्गाचं चक्र घालायची तुमच्या मित्राची कल्पना मला आवडली, पण थांबवा. अल्टिमा ऑनलाइन या गेमने 1997 मध्ये तेच केलं होतं. गवत, ससे, सशांवर जगणारे लांडगे, असं सगळं खरोखर चालणारं. खेळाडू आत आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. चक्र फिरायला वेळच मिळाला नाही, शेवटी ते काढून टाकावं लागलं. कित्येकांना ते अस्तित्वात होतं हेही कळलं नाही. जे खेळाडूला दिसत नाही आणि ज्यावाचून त्याचं अडत नाही, त्यावर सहा महिने घालवण्याची चैन तुम्हाला परवडणारी नाही.

लुटारू खेळाडू असावेत का, यावर तुमच्यात दोन तट पडलेत असं दिसतं. असावेत, पण मर्यादित जागी. अल्टिमा ऑनलाइनमध्ये सुरुवातीला शहराबाहेर कुठेही कुणीही मारू शकत होतं, नवे लोक कंटाळून निघून जाऊ लागले, आणि 2000 साली जगाचे दोन भाग करावे लागले, एक सुरक्षित आणि एक जुन्या नियमांचा. तुमच्याकडे भूगोलच मदतीला आहे. घाटात आणि जंगलात लूट, शहरात आणि बंदरात नाही. लुटारूने माल घेतला तरी बैल मारू नये, म्हणजे लुटला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत निघू शकेल.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात. एका जागी 100 खेळाडू असले तर प्रत्येकाला बाकीच्या 99 जणांची हालचाल कळवावी लागते, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक फेरीत 9,900 निरोप. 500 असले तर जवळपास अडीच लाख. आणि तुम्ही तर मुद्दाम सगळ्यांना एका अरुंद घाटात आणताय. ईव्ह ऑनलाइन हा अवकाशातल्या लढायांचा गेम अशा वेळी त्या भागातला काळच हळू करतो, अगदी दहा टक्के वेगापर्यंत. जानेवारी 2014 च्या बी-आर5आरबी लढाईत साडेसात हजारांहून जास्त खेळाडू होते आणि ती 20 तासांवर चालली, ती अशीच. तुम्ही घाटात तांड्यांची रांगच लावा, नाक्यावर रांग शोभतेही. शिवाय क्लायंटवर, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर चालणाऱ्या भागावर, कधीच विश्वास ठेवू नका. गाठी किती, नाणी किती, बैल कुठे, हे फक्त सर्व्हरने ठरवायचं. पहिली आवृत्ती तर चित्रांशिवाय, नुसत्या मजकुरातच करा, एव्हेनिया नावाची पायथनमधली मोफत लायब्ररी त्यासाठीच आहे. चित्रकार मित्राला वाईट वाटेल, पण नियम पक्के होईपर्यंत त्याने नकाशा आणि नाणी काढावीत. पात्रांची चित्रं बदलावी लागली की फार मेहनत वाया जाते.

आता निर्णयांचं. प्रत्येक गोष्टीवर सहा जणांचं मतदान घेऊ नका. ओल्ड स्कूल रूनस्केप या गेममध्ये नवीन गोष्टी खेळाडूंच्या मतदानाने येतात, आधी 75 टक्के मतं लागायची, पुढे ती अट 70 वर आणली. ते तिथे चालतं, कारण गेम आधीच उभा आहे आणि मत देणाऱ्यांनी तो खेळलाय. तरीही तिथे एक अडचण दिसली: जी गोष्ट थोड्याच लोकांना हवी असते, मुख्यतः खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याची, ती मतदानात नापास व्हायची. तुमच्याकडे अजून खेळायलाच काही नाही, तेव्हा मत म्हणजे नुसती आवड. त्यापेक्षा एकेका भागाला एकेक मालक नेमा: नाणी एकाकडे, लूट एकाकडे, वाट आणि वेळ एकाकडे. मालकाने नियम लिहायचा, सगळ्यांनी तो टेबलावर खेळायचा, बदल सुचवायचे, शेवटचा शब्द मालकाचा. आणि निर्णयासोबत त्याचं कारण लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कारण आठवत नाही, मग तोच वाद पुन्हा पेटतो.

एक गोष्ट मात्र सहाही जणांनी आजच एकमताने ठरवा. गेम बनवणाऱ्यांच्या पात्रांना आतून काहीही मिळणार नाही. ईव्ह ऑनलाइनमध्ये कंपनीच्याच एका माणसाने आपल्या गटाला असा फायदा करून दिल्याचं 2007 मध्ये उघड झालं आणि खेळाडूंचा विश्वास इतका हलला की 2008 पासून त्यांनी निवडून दिलेलं मंडळ कंपनीशी बोलायला बसवावं लागलं. तुमच्याकडे पहिले 50 खेळाडू तुमचे मित्रच असतील. त्यांच्यातल्या एकाला जरी वाटलं की नाक्यावरचा माणूस आपल्या दोस्ताची जकात माफ करतो, तर बाकीचे येणार नाहीत.

टेबलावरचा खेळ या रविवारी खेळून बघा, आणि तुमच्या सहा जणांबाहेरचे दोघे तरी बोलवा, ज्यांनी हे शीट पाहिलेलं नाही. ते जुन्नरला सोबतीसाठी थांबले की एकटेच निघाले, तेवढं लिहून घ्या. आकडे आणि जकातीचा तक्ता इथे टाका, मी बसून तपासतो.