परीक्षा जवळ आली आहे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : परीक्षेला तीन आठवडे उरले आहेत. पेपर सकाळी नऊला असतात. मी मात्र रात्री तीनपर्यंत अभ्यास करून दहाला उठतो. रात्रीच्या शांततेत माझे मन चांगले लागते. ही सवय बदलायलाच हवी का?

उत्तर : बदलायलाच हवी. रात्री तुमचे मन लागते हे खरे असेल. परंतु पेपर लिहायचा आहे तो सकाळी नऊला, आणि त्या वेळी तुमचे शरीर सध्या झोपेत असते. जैविक घड्याळ आदल्या दिवशी लवकर अंथरुणावर पडल्याने बदलत नाही. उलट डोळे मिटून जागे राहण्याची आणखी एक रात्र पदरी पडते. म्हणून झोपण्याच्या वेळेपासून नव्हे, तर उठण्याच्या वेळेपासून सुरुवात करावी. रोज अर्धा तास लवकर उठत गेलात, तर दहावरून साडेसहावर यायला सात दिवस पुरतात. उठल्यावर थोडा वेळ बाहेर उजेडात फिरून यावे, कारण हे घड्याळ प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर लावले जाते. रात्री झोपेच्या तासभर आधी दिवे मंद आणि फोन दूर असावा. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळलात, तर आठवडाभराची कमाई बरीचशी वाया जाते. उरलेल्या दोन आठवड्यांत निदान चार-पाच सराव पेपर नेमके नऊला सुरू करून सलग सोडवावेत.

झोप कापून मिळवलेला वेळ फायद्याचा वाटतो, तेवढा तो नसतो. दिवसा वाचलेले आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या छोट्या भागाच्या आधाराने साठवले जाते आणि गाढ झोपेत त्याची उजळणी होऊन ते पक्के होत जाते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना 8 ते 10 तास, तर प्रौढांना किमान 7 तास झोप लागते. वर्षभर चार तास झोपून पहिले आल्याच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. तसे करून मागे पडलेल्यांच्या कथा कोणी सांगत नाही, एवढेच.

प्रश्न : घरी मला सगळे येते, पण प्रश्नपत्रिका हातात पडली की डोक्यात पूर्ण कोरेपणा येतो. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

उत्तर : पेपर संपवून बाहेर पडल्यावर तीच उत्तरे आठवतात का? आठवत असतील, तर आठवणी शाबूत आहेत. भीतीमुळे ऐनवेळी त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ‘नापास झालो तर’ हा विचार मनातली तीच थोडीशी जागा अडवून बसतो, जी गणिताच्या पायऱ्या एकामागून एक धरून ठेवण्यासाठी लागते. थोडा ताण मात्र हवाच असतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की अवघड काम शिकताना मध्यम उत्तेजना उपयोगी पडते आणि अति उत्तेजना घातक ठरते. त्यामुळे छाती धडधडली म्हणजे सारे बिघडले, असे समजू नये.

‘घरी सगळे येते’ याचा अर्थही तपासून पाहावा. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची वही तीन रंगांनी रेखाटलेली होती आणि पाने हाताळून मऊ झाली होती. मी वही मिटून तिच्यापुढे कोरा कागद ठेवला, तेव्हा चार ओळींनंतर तिचे पेन थांबले. तिला मजकूर ओळखू येत होता, आठवत नव्हता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. तेव्हा पुस्तक मिटून, घड्याळ लावून लिहिण्याचा सराव करावा. भीतीवर माझ्या अनुभवात याहून चांगला उपाय नाही.

प्रत्यक्ष पेपरात कोरेपणा आलाच, तर पेन खाली ठेवावे. चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा, असे सहा वेळा करावे. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके संथ होतात आणि यात फक्त एक मिनिट जाते. मग सर्वांत सोपा प्रश्न घ्यावा आणि अडलेल्या प्रश्नाचे जे दोन-तीन शब्द आठवतील, ते कच्च्या कामाच्या जागी टिपून ठेवावेत. त्यांच्या आधाराने पुढचे बरेचदा सुचते.

प्रश्न : जागरणासाठी कॉफी किती चालेल?

उत्तर : प्रश्न किती याचा आहे, तसाच कधी याचाही आहे. कॅफिन झोप भरून काढत नाही. थकव्याचा संदेश देणाऱ्या ॲडेनोसिनची वाट ते काही काळ अडवते. निम्मे कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातले निम्मे रात्री अकरालाही अंगात असते. दुपारनंतर टाळावी. रोज घेणाऱ्यांनी परीक्षेच्या दिवशी ती अचानक बंदही करू नये, डोके दुखते.

प्रश्न : हात थरथरतात म्हणून मित्राने प्रोप्रानोलॉलची एक गोळी दिली आहे. पेपरआधी घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. हे औषध हृदयाची गती व रक्तदाब कमी करते आणि दमा असलेल्यांना धोकादायक ठरू शकते. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मुलगी परीक्षेच्या सकाळी उलटी करते. आई म्हणून मी काय करावे?

उत्तर : ताणात पचन मंदावते, म्हणून त्या सकाळी पोटभर खाण्याचा आग्रह धरू नये. तिच्या सवयीचे, हलके काही दोन तास आधी थोडेसे द्यावे. नवा पदार्थ नको. सराव पेपरांच्या दिवशीही हेच देऊन पाहावे. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य टाळावे, कारण ते ऐकून भीती जात नाही, फक्त लपवावी लागते. आणि ती पेपर देऊन आली की दारातच उत्तरे पडताळायला बसू नये. पुढचा पेपर अजून व्हायचा असतो.