नाणं तळाशी गेलं का?

प्रश्न : आम्ही शेतावर राहतो. वीज गेली की कधीकधी दीड दिवस येत नाही. फ्रिजमधलं अन्न किती वेळ टिकतं? पंपही बंद पडतो.

उत्तर : आधी दार उघडायचं थांबवा. बंद फ्रिज साधारण 4 तास थंड राहतो. डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल तर 48 तास, अर्धा असेल तर 24. म्हणून मी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते, गळ्याशी चार बोटं जागा सोडून. (काठोकाठ भरलेली एक तडकली, तेव्हा शहाणपण आलं.)

घरी नसताना वीज गेली तर? वाटीभर पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं बर्फात तळाशी दिसलं, तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय. टाका. वासावर जाऊ नका, घातक जंतूंना वास असतोच असं नाही. दूध, मांस, शिजवलेलं अन्न 4 अंशांच्या वर 2 तासांहून जास्त राहिलं तर संपलं. सासूबाई अजून यावरून भांडतात.

खरी भिस्त मात्र वाळवणावर ठेवा. वाळलेली भाजी गार झाल्यावर मोडून बघते : कट्कन तुटली तर डब्यात, वाकली तर परत उन्हात.

पाणी माणशी रोज 4 लिटर, आधीच भरून झाकलेलं. आणि जनरेटर घरात नको, पडवीतही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.