कचेरीनं ‘नोंद नाही’ म्हटलं म्हणून आजोबांचा शोध सोडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. परळची चाळ पुनर्विकासाला जाणार, माळ्यावरच्या ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धात फौजेत असलेल्या आजोबांची चांदणीच्या आकाराची पदकं आणि फाटकं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी पुस्तिका) सापडलं, घरच्यांना त्यांच्यावर पुस्तिका करायची आहे, आणि कचेरीनं ‘या नावाची नोंद नाही’ म्हणून परत पाठवलं. आमच्याकडे हेच झालं होतं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाले आणि इटलीच्या छावणीत राहिले. हे एवढं समजायला आम्हाला फार वर्षं लागली.

आधीच सांगते, मी फौजेतली नाही, वकीलही नाही. माझा अनुभव एका रेजिमेंटपुरता आहे. अर्ज कसा लिहायचा, वारसाचे कोणते कागद जोडायचे, त्यात शिरत नाही, ते तुम्ही केलेलं दिसतंय.

आमचा सगळ्यात जास्त घात केला तो एका कचेरीच्या एका पत्रानं. नाव लिहीत नाही. आजीच्या मानधनासाठी आम्ही तिथे गेलो होतो (दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं, तुमची आजी हयात असेल तर हे आधी बघा). तिथल्या बाबूंनी आमचं आजचं आडनाव आणि ‘सिंधुदुर्ग’ जिल्हा घेऊन यादी चाळली आणि ‘नोंद आढळत नाही’ असं शिक्क्यानिशी लिहून दिलं. आजोबा भरती झाले तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता! तो १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. आमचं गाव तर त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातही नव्हतं, ते सावंतवाडी संस्थानात होतं. शिवाय फौजेच्या कागदावर आजोबांचं आडनाव नव्हतंच. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, बस. आम्ही हे सगळं सांगत होतो, डिस्चार्ज बुकाचं पान उघडून दाखवत होतो. ‘यादीत नाही म्हणजे नाही.’

एकदा असं पत्र निघालं की पुढच्या प्रत्येक टेबलावर तेच पुढे येतं. कोणी मूळ कागद बघत नाही, आधीचं पत्र बघतात. शेवटी एका साहेबानं आजीला विचारलं, ‘तुमचे मिस्टर फौजेत होते कशावरून?’ ज्या बाईनं नवरा जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू आणि दोन दीर सांभाळले, तिला हा प्रश्न! मानधन सुरू होण्याआधीच ती गेली. पैशाचं मला काही नाही. त्या प्रश्नाचा राग अजून जात नाही आणि जावा असंही वाटत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: नंबर हातात आल्याशिवाय कुठल्याही कचेरीकडून लेखी उत्तर मागू नका. नंबर म्हणजे फौजी नंबर. नावं बदलतात, जिल्हे बदलतात, इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनागणिक बदलतं. नंबर मात्र सहसा तोच राहतो. डिस्चार्ज बुकाचं पहिलं पान फाटलं असेल तर पे बुक शोधा, आघाडीवरून आलेल्या पत्रांचे लिफाफे शोधा, मनीऑर्डरीची कुपनं शोधा. पाठवणाऱ्याच्या नावाआधी नंबर असायचा. आमचा नंबर आजीच्या पोथीत घडी करून ठेवलेल्या एका पत्रावर मिळाला.

मग थेट त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे. त्यांच्याकडे ‘शीट रोल’ (सैनिकाच्या सेवेची नोंद) मागायचा, हाच शब्द वापरा. नाव, गाव, तालुका, जिल्हा हे सगळं त्या काळी होतं तसं लिहा आणि आजचं खाली वेगळं द्या. रायगडचं गाव असेल तर कुलाबा जिल्हा, जालन्याचं असेल तर निजामाचं राज्य. त्या काळच्या इंग्रजी कागदांत रेजिमेंटचं नाव ‘Mahratta’ अशा स्पेलिंगनं येतं, शोधताना हे आणि आजचं ‘Maratha’ अशी दोन्ही घालून बघा. इतर रेजिमेंटांत पद्धत वेगळी असू शकते.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आजोबा नाहीत म्हणून तुम्ही खचलात असं दिसतं. अहो, ती यादी सेवेत असताना मृत्यू आलेल्यांची आहे. तुमचे आजोबा परत आले, ते त्यात नसणारच. ते कैदेत होते असा संशय असेल तर जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत, पण अर्ज ठरावीक काळातच घेतात, लक्ष ठेवावं लागतं.

पदकांचं म्हणाल तर आकारावरून काही कळणार नाही, त्या चांदण्या सारख्याच असतात. मधल्या वर्तुळावरची अक्षरं आणि फीत बघा. तांबडी-पांढरी-हिरवी फीत म्हणजे इटली. निळ्या-तांबड्यात नारिंगी पट्टे असतील तर ब्रह्मदेश. फिकट पिवळसर कापडावर मध्ये तांबडा पट्टा असेल तर आफ्रिका. आणि कृपा करून चिंच किंवा ब्रासो लावू नका, डिस्चार्ज बुक लॅमिनेट तर मुळीच करू नका. चोर बाजारात किंमत विचारायला नेऊ नका, हेही सांगून ठेवते.

पुस्तिकेबद्दल थोडं. तुमचे काका म्हणतात ‘इंग्रजांची चाकरी, त्यात काय मिरवायचं’. आमच्याकडेही एक जण असंच म्हणायचे. मला हे पटत नाही. त्या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी माणसं वर्दीत होती. कोणी दुष्काळी गावातून आलं, कोणी थोरल्या भावामागून. आणि वर्दीतल्याच नाविकांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये याच मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरून उठाव केला. पिढी तीच होती. दोन्ही गोष्टी लिहा, काकांचं म्हणणंही लिहा. रायगडमधल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत १० जुलै १९४४ ला लढताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची आठवण ठेवणारे आहेत. पदकांपलीकडे ज्यांचं काही उरलं नाही, त्यांच्यासाठी घरच्यांनीच लिहायचं असतं.

आणि घरी राहिलेल्या बायकांना पुस्तिकेत जागा द्या. तुमच्या आत्या नव्वदीला आल्यात असं लिहिलंय, पुस्तिकेचं नंतर बघा, आधी त्यांच्याकडे जा. ‘युद्धात काय झालं’ असं विचारू नका, त्या ‘मला काय माहीत’ म्हणतील. मनीऑर्डर कोण घ्यायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला तेव्हा घरात कोण होतं, आजोबा परतल्यावर रात्री झोपायचे का, असं विचारा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, मध्ये बोलू नका.

फाटक्या पानाचा फोटो इथे टाकलात तर वाचायचा प्रयत्न करीन. मात्र नाव, नंबर आणि गाव झाकून टाका, वारसाचे खोटे दावे करणारे असतात. पूर्ण फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.