बुवा दर फेरीत वेगळंच वाजवतात!

प्रश्न : मी आठ वर्षं व्हायोलिन शिकतोय. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉमी जॅरेल या जुन्या फिडलवादकाची (फिडल म्हणजे तिकडच्या लोकसंगीतातलं व्हायोलिनच) रेकॉर्डिंग्ज ऐकली आणि वेडच लागलं. ऐकून सरगम लिहायला बसलो, पण बुवा दर फेरीत काहीतरी वेगळंच वाजवतात. नेमकं लिहू काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी वही मिटा. मीही हेच केलं होतं, म्हणून हक्कानं सांगतो. एका पावसाळ्यात तीन मिनिटांची धून फेरी न फेरी उतरवली. नऊ पानं भरली. व्हायोलिन उचललं तर चार मात्रा धड वाजेनात. मग तीच धून आठवडाभर गंगावेशीतनं येता-जाता गुणगुणली, तेव्हा कुठं बोटांना वाट सापडली.

आता तारा. जॅरेल (1901–1985) आणि त्यांच्या भागातले वादक ए पट्टीतल्या धुनांना तारा बऱ्याचदा ए-ई-ए-ई अशा लावत. पांढरी सहाचा षड्ज धरा, झालं की सा-प-सा-प! आपल्याकडं कितीतरी जण असंच लावतात, आणि तुम्ही बहुधा ती धून नेहमीच्या पाश्चात्त्य पद्धतीनं, जी-डी-ए-ई लावून शोधत बसलाय. मग शेजारची तार घुमते कुठून, ते कसं कळणार? जी आणि डी एकेक स्वर चढवा, पण हळू. तार जुनी असेल तर तुटते. रेकॉर्डिंगचा सूर थोडा सरकलेला असेल तर त्यालाच लावून घ्या.

बहुतेक धुनांचे भाग दोन, एक वरच्या तारांवर, एक खालच्या, आणि प्रत्येक दोनदा. पायाचे ठोके मोजलेत तर एक भाग 16 मात्रांचा, तीनतालाच्या आवर्तनाएवढा. तालातली ‘खाली’ मात्र शोधू नका, ती तिथं नाही. काही धुनांत मधेच एखाद-दोन मात्रा जास्त येतात. त्यांना तिकडंही ‘वाकडी’च म्हणतात. सुधारायला जाऊ नका.

पाच-सहा फेऱ्या ऐकून ठोक्यावरचे जे स्वर हलत नाहीत तेवढेच लिहा. बाकीची वळणं बुवांच्या त्या दिवसाच्या मर्जीची. गंधार कधी कोमल आणि शुद्धाच्या मधेच राहतो; तिथं बाण काढा, पेटीवर तपासू नका, पेटीत तो नाहीच. मोबाइलवर वेग अर्धा करून स्वर घ्या. पूर्वी टेप अर्ध्या वेगानं फिरवली की सूर सप्तकभर खाली जायचा, ती कटकट आता नाही. गज मात्र मूळ वेगातच ऐका. एक लांब, दोन आखूड असा झोका सापडेल. तो संथ केला की मरतो.

आणि साथीचा बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे बरं का. तो कातडं ताणलेला, बोटांनी वाजवायचा.

उतरवलेली धून मला जरूर पाठवा. पोस्टकार्डावर मावली तरच.