नवा दवाखाना उघडताय? आजार कळवायचं आधी शिकून घ्या

डॉक्टर, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा: खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. संशयित रुग्णही सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवायचा असतो.

१५ वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी फोन करा. पोलिओ नाही हे सिद्ध करायला शौचाचे दोन नमुने लागतात, २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. तुम्ही आठवडाभर वाट पाहिलीत, तर ही मुदत हातची जाऊ शकते. ताप आणि अंगावर पुरळ असेल तर गोवर धरून कळवा.

डेंग्यूत घोळ होतो तो झटपट तपासणीच्या रॅपिड किटमुळे. ते पॉझिटिव्ह आलं तरी शासनाच्या लेखी रुग्ण संशयितच. पक्कं निदान एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीवर. तापाच्या पाचव्या दिवसापर्यंत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) तपासायचं, त्यानंतर आयजीएम (शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं).

पत्ता मात्र जीव लावून लिहा. कोल्हापुरात नुसतं ‘राजारामपुरी’ लिहिलं तर डासांच्या अळ्या शोधणारी माणसं जाणार कुठं? गल्ली नंबर, घर, मोबाईल, आणि ताप कधी सुरू झाला ती तारीख. शिकायला आलेली पोरं आधार कार्डावरचा गावाकडचा पत्ता देतात. सध्या राहतात कुठं ते विचारा. शहरातला रुग्ण महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं, करवीर-कागल तालुक्यांच्या गावातला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं.

क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीची आहे. ती निक्षय या सरकारी पोर्टलवर करा, रुग्णाच्या बँक खात्यासकट. रुग्णाचे पोषण आहाराचे पैसे त्यावरच जमा होतात.